जावईबापूंचा तंबू

नोकरीतल्या बऱ्याच घटना आता पुसट झाल्या आहेत. ही एक मात्र डोळ्यांपुढून हलत नाही, आणि गंमत म्हणजे ती नोकरीतली नाहीच. निवृत्तीनंतर, परमुलखात, अंगावर वर्दी नसताना आणि हातात काडीचाही अधिकार नसताना मी केलेला तो एकमेव तपास. नावं कोणाचीही लिहिणार नाही. आरोपी माझा जावई आहे.

लेक आणि जावई बहारीनला असतात. सनाबिसमध्ये त्यांचा फ्लॅट आहे. ती बँकेत, तो अस्करकडच्या एका कारखान्यात इंजिनिअर, शिफ्ट ड्यूटीवर. लेकीला पाचवा महिना लागला आणि आम्ही नवरा-बायको लोणची, पापड, कडधान्यं घेऊन तिकडे दाखल झालो.

खबर देणारा माणूस बहुतेक वेळा घरातलाच असतो, हे मी नव्या फौजदारांना नेहमी सांगत आलो. इथे खबर दिली माझ्या बायकोने. फ्लॅटमध्ये एक जादा खोली होती, पण तिला कुलूप, आणि आम्ही दोघं हॉलमध्ये गादीवर. जावईबापूंचं म्हणणं असं, की आत त्यांनी छोटा तंबू उभारून दिव्याच्या उजेडात सॅलडचा पाला लावलाय, सारखं दार उघडलं तर तो कोमेजतो. लेकीचा यावर पूर्ण विश्वास. बायको यवतमाळची, शेतकऱ्याघरची. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "अहो, इतके महिने सॅलड पिकून राह्यलं, अन् ताटात एक पान नाही. तुम्हाला यात काही दिसत नाही का?"

मला दिसलं. दाराखालच्या फटीतून जांभळा उजेडही दिसला.

बायकोपासून लपवायची वस्तू नवरा अशा जागी ठेवतो, जिथे ती नाक मुरडून हातच घालत नाही. क्रिकेटच्या किटमध्ये, घामट पॅडच्या आत किल्ली मिळाली. दोघं कामावर गेल्यावर मी दार उघडलं. आत पुरुषभर उंचीचा काळा तंबू, पंख्याची घरघर. चेन जराशी खाली ओढली. त्या जांभळ्या उजेडात कमरेएवढी रोपं दाटीने उभी होती. पानं हाताच्या बोटांसारखी फाकलेली, कडांना करवतीचे दाते.

सातपुड्याच्या पायथ्याशी कापसात आणि तुरीत लपवलेला गांजा मी किती वेळा उपटला, पंचनामे केले, मुद्देमाल सील केला, याची गणती नाही. तेव्हा अशी पानं दिसली की छाती फुगायची. त्या दिवशी मी आधी मागे वळून फ्लॅटचं दार लागलंय ना ते पाहिलं. शेजारच्या एखाद्याने नुसता फोन केला असता तरी जावई तुरुंगात, सुटल्यावर थेट मायदेशी रवानगी, आणि माझी गरोदर पोर नवऱ्याविना. मी भ्यालो होतो, हे लिहायला मला लाज वाटत नाही. चेन लावली, कुलूप घातलं आणि किल्ली पॅडमध्ये परत ठेवली.

चौकशीत मी आवाज चढवणारा अधिकारी नव्हतो. समोरच्याला चहा द्यायचा आणि गप्प बसायचं, माणूस ती शांतता आपणहून भरून काढतो. पण जावयाची चौकशी हे प्रकरण वेगळं. आरोपीला 'काय रे' म्हणता येतं, जावयाला अहो-जाहो करावं लागतं. दुपारी तो ड्यूटीवरून आला. लेक बँकेतून यायची होती आणि बायको खाली भाजी आणायला गेली होती. मी चहा पुढे ठेवून म्हणालो, "जावईबापू, आपण त्या खोलीत नेमकं काय लावलंय?"

तो म्हणाला, सॅलड. मी चहाचा घोट घेतला. तो म्हणाला, म्हणजे लेट्यूस. मी दुसरा घोट घेतला. कप संपायच्या आत तो म्हणाला, "खलास, बाबा. सांगतो."

कबुली अशी होती. कामावरच्या एका मित्राला हूरा नावाच्या वस्तीत कोणीतरी गांजाचं बी दिलं, अस्सल म्हणून शपथ घेऊन. रात्रपाळ्यांनी झोप उडाली होती, कॉलेजात एकदा ओढला होता तेव्हा छान झोप लागली होती, एवढंच त्याचं शास्त्र. फूल धरेपर्यंत पानाला हात लावायचा नाही, असं कुठल्याशा व्हिडिओत ऐकून तो वाट पाहत होता. ड्यूटीवरून आल्यावर बायकोआधी रोपांची विचारपूस व्हायची. वाटेकरी मित्र रोज ताजी खबर विचारत होते. मी विचारलं, विकत का नाही घेतला? तर म्हणाला, विकत घेताना पकडतात.

"आणि घरात लावला की सोडून देतात?" मी म्हणालो. पुण्यातला शिकलेला मुलगा, पण हा प्रश्न त्याला पडलाच नव्हता.

त्याला घेऊन मी घटनास्थळी गेलो. दिवा बंद करायला लावला, खिडकीचा पडदा सारला आणि तंबू पूर्ण उघडला. पहिलं फूल त्याच सकाळी उमललं होतं. पोटाशी गर्द लाल, बाकी फिकट पिवळं, भेंडीच्या फुलासारखं. मी नाक जवळ नेलं. फुलावर आलेला गांजा शेताच्या बांधावरूनच वास मारतो. इथे काहीच नाही. एक पान तोडून चावलं, तर दात आंबले. जावई "बाबा, नका" म्हणत माझा हात धरायला धावला.

ती अंबाडी होती. त्या बी देणाऱ्याने पोरांना भाजीचं बी गांजाच्या नावाने खपवलं होतं. हसू दाबण्यासाठी मला खाकरावं लागलं.

मी त्याला सांगितलं नाही. गांजा नसला तरी गांजा लावायची तयारी तर पुरी होती, आणि माझी लेक कुठल्या माणसाच्या घरात आहे, ते मला कळायला हवं होतं. दरडावून म्हणालो, "हा पाला मी नष्ट करतो. यातलं एक अक्षर माझ्या मुलीला कळलं, तर पुढच्या विमानाने मी तिला घेऊन जाईन." तो पांढराफटक पडून आंघोळीला गेला. बायको आल्यावर सगळी रोपं तिच्यापुढे टाकली आणि कशाची भाजी ते कोणाला सांगायचं नाही, एवढंच बजावलं. ती पाला पाहून हरखली. कुठून आला हेही विचारायला विसरली.

संध्याकाळी ताटं वाढली. भाकरी, आणि लसणाची फोडणी दिलेली हिरवीगार भाजी. जावयाला स्वयंपाकघराच्या कचऱ्यात ओळखीचे देठ दिसले होते. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून गप्प राहायची खूण केली. लेकीला तर आंबटाचे डोहाळे. वास घेऊनच ती खूश झाली आणि मोठा घास मोडला.

तो उठला आणि तिच्यापुढचं ताट उचलून छातीशी धरून उभा राहिला. "तू हे खाऊ नकोस. हा गांजा आहे. मी लावलाय, त्या खोलीत. आईंना काही माहीत नाही. बाबा तुला घेऊन जातो म्हणालेत. जा हवं तर, पण हे खाऊ नकोस."

बायको रागावून म्हणाली, "गांजा कसला? अंबाडी होय ती. एवढी निवडून केली मी."

लेकीने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पोलिसाची मुलगी ती. "बाबा, ही अंबाडी आहे हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" तिने विचारलं. दुपारपासून, असं मी खरं सांगितलं. तिने ताट परत घेतलं, सगळी भाजी खाल्ली, वर आणखी मागून घेतली, आणि पुढे कित्येक दिवस आम्हा दोघांशीही बोलली नाही. तंबू मोडून खाली नेऊन टाकण्याची शिक्षा सासऱ्या-जावयाला मिळून झाली. मित्रांना जावयाने पीक बुडाल्याचं कळवलं. झोपेसाठी तो आता डॉक्टरकडे जातो.

कबुलीजबाब मी आयुष्यभर घेतले. चहा पाजून, शांत बसून, पुरावा पुढे ठेवून. चहावर मिळालेली त्याची दुपारची कबुली त्याच जातीची होती, कातडी वाचवणारी. संध्याकाळची कोणी मागितली नव्हती. गप्प राहण्यात त्याचा सगळा फायदा होता, आणि बोलला तर संसार मोडेल, असं खुद्द मीच त्याला सांगून ठेवलं होतं. गुन्हेगाराची पारख मला येते असं मी समजत होतो. माणूस कळायला मात्र अंबाडीची भाजी करावी लागली.

बाळंतपणासाठी बायको तिथेच थांबली. मी एकटा परतलो. लेक आता कोणाच्या हवाली आहे ते मला ठाऊक होतं, आणि विमान सुटायच्या आधीच मला गाढ झोप लागली.