दिवे जळताहेत तोवर

ताई इस्पितळाच्या धुलाईघरात इस्त्रीवर होती. एकतीस वर्षं उभ्यानं चादरी सपाट करता करता तिचा उजवा गुडघा कामातून गेला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून घ्या, मग तीन महिने घरात कुणाचं काही करायचं नाही. ताईला हसूच आलं. घरात नव्वदीला टेकलेले बाबा, आणि त्यांना अंघोळ घालण्यापासून सगळं करणारी ही एकटी. तेवढे तीन महिने धाकट्या भावानं त्यांना न्यावं, एवढंच त्याला विचारायचं होतं.

धाकटा वर्षभर गायब. उगवायचा तो हनुकात, रोज एकेक दिवा वाढवत लावायच्या ज्यूंच्या आठ दिवसांच्या सणात. आठही संध्याकाळी बायकोला घेऊन पाहुण्यासारखा यायचा आणि पाहुण्यासारखा जेवायचा. खिडकीत दिवे लागले की बाईनं कामाला हात लावायचा नाही, ही रीतच. बाबांनी तिला स्वतःची पुरवणी जोडली होती: दिवे जळताहेत तोवर कामाची गोष्टही काढायची नाही, पत्ते खेळायचे. आणि दिवे विझले की धाकटा कोट चढवून दारात. मग विचारायचं कधी, कपाळ?

सात संध्याकाळी अशाच गेल्या. खरं तर ताईला ते पत्तेही नकोसे झाले होते. नुसते पाय लांब करून भिंतीकडे बघत बसायला मिळावं, एवढीच तिची हौस उरली होती. पण चौघांचा मेंढीकोट, तिच्यावाचून अडायचा. बाबा तिचे भिडू, अगदी समोर बसायचे.

आठव्या संध्याकाळी आठही दिवे लागले. ताईनं हातात हुकमाचा एक्का असताना दस्सा आयता देऊन टाकला.

"ताई, झोपलीस की काय!" धाकट्यानं जिंकलेली पानं आपल्याकडे ओढली. वहिनी खुदकन हसली.

बाबांनी आपली पानं टेबलावर उघडी टाकली. "हिचा गुडघा गेलाय," ते धाकट्याला म्हणाले. "बरा करून घेईपर्यंत मला तुझ्याकडे ने."

ताई बघतच राहिली. घरात तिनं चकार शब्द काढला नव्हता. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"भिडूच्या तोंडावरून पानं ओळखतो मी. गुडघा ओळखू येणार नाही?"

धाकटा हातातले पत्ते उगाचच लावत बसला. "बाबा, दिवे विझू देत ना. मग बोलू. तुमचाच नियम आहे."

बाबा काठी टेकत उठले. ज्या दिव्यांना वारा लागू नये म्हणून जन्मभर खिडकीच्या फटी कागदानं बुजवल्या, ते दिवे त्यांनी एकेक करून फुंकले. आठवा विझेपर्यंत त्यांना धाप लागली.

"बोल आता."

धाकट्यानं बायकोकडे पाहिलं. शेवटी वहिनी हळूच म्हणाली, "मी खोली आवरते. रविवारी न्यायला येतो आम्ही."

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. सुटल्याचं पाणी होतं ते, आणि त्याचीच तिला लाज वाटली. "तीनच महिने हं, बाबा."

"ते तू बरी झाल्यावर ठरव. मला परत आणायचं की नाही ते."

"काहीतरीच काय बोलता!" हे तिच्या तोंडून तिथल्या तिथे यायला हवं होतं. आलं, पण जरा उशिरा. तो उशीर चौघांनाही कळला, आणि बाबांनी पत्ते गोळा करायला घेतले.