चार नंबरच्या गाडीचा रिपोर्ट

"ड्रायव्हर तर हुता की. लढाईत कुटं मेला त्यो?"

मागच्या खुर्चीवरचा माणूस शेजाऱ्याला हळूच म्हणाला. सोलापुरातल्या एका कॉलेजचं सभागृह, सकाळचे अकरा. स्टेजवर सैन्यातल्या नायक सिद्रामचा फोटो, त्याला झेंडूचा हार. पहिल्या रांगेत त्याची आई, मंद्रूपहून एसटीनं आलेली. तिच्या शेजारी मी. तिनं ऐकलं. पदर सारखा केला, वळली नाही. मीही वळले नाही. हातात भाषणाचा कागद होता. विषय कॉलेजनं दिलेला: 'ध्येयनिष्ठ नेतृत्व'. मी तो चुरगळत होते.

मी पाच वर्षं सैन्यात होते, कॅप्टन म्हणून बाहेर पडले. आमचं काम उत्तरेतल्या डोंगरातल्या चौक्यांना ट्रकनं रसद पोचवण्याचं. रोज ०५३० ला फॉल-इन, रांगेतली हजेरी. सहा गाड्या, त्यांचे चालक, समोर मी. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, स्वभाव गप्प. ब्रीफिंग कागदावरून वाचायचे: वेग, अंतर, थांबे. कुछ पूछना है? कुणी काही विचारत नसे.

पहिल्या महिन्यात सिद्राम चहाचा मग घेऊन आला. माझं गाव कळल्यापासून तो माझ्याशी मराठीतच बोले.

"मॅडम, तुमचं मराठी लई पुस्तकी हाय. मंद्रूपच्या बाजारात वांगी म्हाग पडतील तुमाला."

मी हसले नाही. हसू आलं होतं.

"एक बोलू का? गाडीत काय हाय ते आमाला म्हाईत असतं. कुणासाठी हाय ते न्हाय. माझा बाप मेंढरं हाकतो. त्यालाबी ठावं असतं, आज खतासाठी कुणाच्या रानात बसवायची."

त्या संध्याकाळपासून मी प्रत्येक चौकीला रेडिओवर विचारू लागले: काय संपलंय, कुणाला काय हवंय. सकाळी फॉल-इनला प्रत्येक चालकानं तीन गोष्टी मोठ्यानं सांगायच्या. गाडी नंबर. माल. कुणासाठी. परत आल्यावर एकच शब्द: पोचलं. आमच्या तुकडीच्या सुभेदारसाहेबांना सुरुवातीला हा पोरखेळ वाटला. पण महिनाभरात चालक स्वतःच मला विचारू लागले, "मॅडम, वरच्या त्या तापवाल्याचं काय झालं?"

बर्फानं रस्ता बंद व्हायच्या आधीचा तो शेवटचा कन्व्हॉय, सहा गाड्यांचा ताफा. चार नंबरला सिद्राम. त्याच्या गाडीत रॉकेल. सगळ्यात वरच्या चौकीत अठरा माणसं, शेगड्यांपुरतं तेल दोन दिवसांचं.

१११० ला एका वळणावर तीन आणि चार नंबरच्या मधे दगड कोसळायला लागले. मी पुढच्या गाडीत होते. रेडिओवर म्हणाले, "चार, पाच, छह, रुको. गाडी छोडो. पीछे भागो."

पाच आणि सहाचे चालक पळाले. चारमधून सिद्रामनं सोबतच्या चालकाला उतरवलं. मग त्याचा आवाज आला. रेडिओवर मराठी बोलायचं नाही, असा नियम. तो बोलला.

"मॅडम, गाडी हितं ऱ्हायली तर रस्ता गेला. वरच्यांचं रॉकेल हाय."

"चार, गाडी सोड. ऑर्डर आहे."

इंजिनाचा आवाज वाढला. ट्रक दगडांवरून हलत, कलत आमच्या बाजूला आला. कड्याच्या आडोशाला चार हात उरले असताना एक मोठा दगड केबिनवर पडला. मी धावत गेले तेव्हा गाडी जागच्या जागी उभी होती. त्यानं हँडब्रेक ओढलेला होता.

केबिन चेपली होती तरी इंजिन चालू होतं; सिद्रामला उतरवून ती गाडी सुभेदारसाहेबांनी पुढे नेली. १६४० ला रॉकेल चौकीत उतरलं.

रस्ता साफ होऊन परत आल्यावर रिपोर्ट घेतला. एक, पोचलं. दोन, पोचलं. तीन, पोचलं. मग कुणीच बोललं नाही. मीही नाही. मला तिथं बोलायला हवं होतं.

चौकशीत मला विचारलं गेलं, त्यानं हुकूम का मोडला? मी म्हणाले, माहीत नाही. ते खोटं होतं. रोज सकाळी 'कुणासाठी' हे त्याच्या तोंडून मीच वदवून घेत होते. नुसतं रॉकेल असतं तर तो पळाला असता. कागदावर एक ओळ उरली: दरड कोसळून अपघाती मृत्यू. मी खाली सही केली. मागच्या खुर्चीवरच्या माणसाचा मला राग आला, पण त्याच्या हाती ती ओळ मीच दिली होती.

सूत्रसंचालकांनी माझं नाव पुकारलं. मी उठत होते, तेवढ्यात सिद्रामच्या आईनं माझं मनगट धरलं.

"पोरी, त्या दिशी त्याच्या गाडीत काय हुतं गं? कुणी सांगितलंच न्हाय मला."

इतकी वर्षं. कुणीच नाही. मीही नाही.

"सांगते, मावशी," मी म्हणाले.

स्टेजवर गेले. कागद टेबलावर पालथा ठेवला. सूत्रसंचालक माइक ठीक करायला पुढे आले, त्यांना हातानं थांबवलं. मागच्या खुर्चीवरचा माणूस मोबाइल बघत होता. त्यानं मान वर करेपर्यंत मी थांबले. मग सावधानमध्ये ताठ उभी राहिले, आणि फॉल-इनच्या आवाजात म्हणाले,

"गाडी नंबर चार. चालक, नायक सिद्राम. माल, रॉकेल. कुणासाठी, वरच्या चौकीतली अठरा माणसं. पोचलं."