चौथ्या ओळीच्या दोन मात्रा

साऱ्या गावात त्यांना छंदबाई म्हणत. शाळेत बाईंनी हयातभर कविता शिकवली, म्हणजे खरं तर मोजून घेतली. अर्थ काय, कोणीही लावतो. मात्रा चुकली की बाईंच्या कपाळाला आठी, आणि बरोबर आली की मान हलायची, बस्स. आईबाप लवकर गेले म्हणून त्यांनीच वाढवलेला धाकटा भाऊही यातून सुटला नाही. तो कविता करायचा, पण चौथी ओळ कायम तोकडी. "चौथ्या ओळीला दम लागतो रे तुझ्या!" म्हणत त्या त्याचा कान पिळायच्या. आता तो कारखान्यात फिटर होता.

त्याच कारखान्याच्या साहेबांनी गाडी पाठवली, तेव्हा बाई कडक इस्त्रीची साडी नेसून गेल्या. यंत्रात सापडून मेलेल्या एका कामगारावरची कविता कोणीतरी फाटकावर चिकटवली होती. तो कागद टेबलावर होता. दारात दोन पोलीस उभे होते.

"लिहिणाऱ्याला शोधतोय," साहेब गोड हसले. "पण आम्हाला यातलं ओ की ठो कळत नाही. जरा शिकवा ना, बाई."

शिकवा म्हटल्यावर बाईंना कुठला धीर! त्यांनी पेन्सिल उचलली.

यंत्र थांबले, रक्तहि पुसले
दुसरे कोणी जागी बसले
नाव विचारू नका तयाचे
दार इथे लोखंडाचे

"लघूला एक, गुरूला दोन. ओळीत सोळा मात्रा, आठांवर विसावा. यमक चोख. आणि इथे बघा, चौदाच! दोन खाल्ल्या. चौथ्या ओळीला दम..."

पेन्सिल थांबली.

"दम काय?"

"काही नाही. कोणी नवशिक्या दिसतोय. असे पैशाला पासरी मिळतात." कवितेबद्दल त्या जन्मात पहिल्यांदाच खोटं बोलल्या.

साहेबांनी खणातून कारखान्याचे जुने वार्षिक अंक काढले. "यात कामगारांच्या कविता आहेत, खाली नावंसुद्धा. मी मोजून बघतो हं, चुकलो तर सांगा."

बोटं दुमडत ते एकेक ओळ मोजू लागले. कुठेच चुकेनात. इतका हुशार विद्यार्थी बाईंना कधी मिळाला नव्हता. चुकावं त्यानं, एकदा तरी चुकावं, असं त्या मनात म्हणत राहिल्या.

एका पानावर बोट थांबलं.

"चौथीत चौदा," साहेब म्हणाले. "पुढच्या कडव्यातही चौदाच. बरोबर ना, बाई?"

उत्तर बरोबर होतं. इतक्या वर्षांच्या सवयीनं बाईंची मान हलली. साहेबांनी पानाखालचं नाव मोठ्यानं वाचलं, तसे दारातले दोघे जिना उतरू लागले.