आधी अर्थिंग

विजेविषयी एकही खोटा शब्द न बोललेला माणूस आजघडीला खानदेशात एकच आहे. दुर्दैवाने तो जळगावात माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. दीपनगरच्या वीजकेंद्रात उभी नोकरी झाल्यामुळे आबांना 'लाईट गेली' हे वाक्य सहन होत नाही. आपण घामाघूम होऊन विचारावं, आबा, तुमच्याकडे आहे का लाईट? तर ते गच्चीवरून शांतपणे म्हणतात, "लाईट म्हणजे दिवा. तुम्हाला दिवा हवाय की पुरवठा?" आपण उत्तर ठरवेपर्यंत पुरवठा परत आलेला असतो.

अशा माणसाने विजेवर चालणारी गाडी घेतली, तेव्हा गल्लीला वाटलं, चला, दोघांचं जमेल. गाडी फेब्रुवारीत आली. मे उजाडला तरी तिने गल्लीच्या टोकापलीकडचं जग पाहिलं नव्हतं, कारण ती घरी कशी चार्ज करायची याचा निकाल लागायचा होता. आबांनी जाड कागदावर तक्ता आखला होता. साधं सॉकेट, भिंतीवरचा चार्जर, वेगळं मीटर, थ्री-फेज, गच्चीवर सोलर. आणि प्रत्येकापुढे वेग, तारेची जाडी, उन्हात प्लास्टिक टिकेल का, उंदीर कुरतडतील का. रोज संध्याकाळी तो मला वाचून दाखवला जाई. मी जन्मभर मराठी शिकवलं; मला बोलावण्यामागे मी हरकत घेऊ शकणार नाही एवढाच विचार असावा. एकदा धीर करून म्हटलं, घेऊन टाका तो भिंतीवरचा. आबांनी चष्मा काढला. "सर, आधी अर्थिंग."

अर्थिंग हा या घराचा कुलाचार आहे. वीज चुकून गाडीच्या पत्र्यात उतरलीच तर तिला जमिनीत जायला वाट हवी. आणि वैशाखात आमच्या काळ्या जमिनीला मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात, कोरड्या मातीत वीज धड शिरत नाही. म्हणून आबांनी अंगणात खड्डा खणून तांब्याची पट्टी पुरली, वर कोळसा आणि मीठ घातलं, आणि रोज सकाळी सातच्या ठोक्याला, आंघोळ करून, रबरी चपला घालून ते तिथे बादलीभर पाणी ओतू लागले. पलीकडच्या घरातल्या म्हातारीने महिनाभर हे पाहिलं आणि एके दिवशी त्या खड्ड्यापाशी हळदकुंकू वाहिलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नैवेद्यही ठेवला. मी म्हटलं, आबा, सांगा तिला. ते म्हणाले, "पुरणपोळीचा उपयोग नाही. पण तांब्याभर पाणी घालत असेल तर घालू द्या."

या सगळ्यात आबांच्या पत्नी अक्कांची आखाजी मात्र माहेरी न जाताच गेली. माहेर पिंपळनेरचं, तिथे थोरली बहीण मुलाजवळ राहते आणि हळूहळू माणसं विसरत चालली आहे. अक्कांच्या पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरांनी एसटीचे हादरे बंद केले होते. गाडी खरं तर एवढ्यासाठीच घेतलेली. आबांनी हे कधी नाकारलं नाही. फक्त आधी खड्ड्यात पुरेशी ओल यायला हवी होती.

एका संध्याकाळी आबा तक्त्यात वाढवलेला नवा रकाना मला समजावत असताना अक्का ओट्यावर आल्या. भाच्याचा फोन आला होता. त्याची आई आता त्यालाच आपला भाऊ समजून हाक मारत होती. अक्का आवाज न चढवता म्हणाल्या, "ताई मला विसरली ना, की मग हा तक्ता तिला वाचून दाखवा. ती तरी रोज नव्याने ऐकेल."

आबांनी तक्त्याची घडी घातली. मग गाडीसोबत आलेली, खोक्यातून अजून बाहेरही न निघालेली वायर काढली आणि घरघंटीच्या सॉकेटला लावली. तक्त्यात या सॉकेटपुढे 'विचारात घेऊ नये' असा शेरा होता. सकाळी दोघं निघाली. धुळ्याला वाटेवर चार्जर होता. आबांनी तिथे फक्त चहा घेतला, असं मला नंतर कळलं. त्याची अर्थिंग कोणी पाहिली होती?

चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. मी बहिणीचं विचारलं. म्हणाले, "सकाळी विचारते, हाई कोन शे? दुपारपर्यंत ओळख पटते. मग दोघी ओट्यावर बसून कोणाकोणाची लग्नं मोडतात, जुळवतात. संध्याकाळी परत विसरते." मागून दोन म्हाताऱ्यांच्या हसण्याचा आवाज येत होता. परत कधी, असं मी विचारलं.

"सर, इथलं सॉकेट साधं आहे," आबा म्हणाले. "चार्जिंग फार हळू चाललंय. आणखी आठवडा तरी लागेल."

मी बरं म्हणून फोन ठेवला. त्यांच्या गाडीचं ॲप त्यांनी माझ्याही मोबाईलवर घालून दिलेलं आहे. असल्या बाबतीत साक्षीदार असावा म्हणून. उघडून पाहिलं. पिंपळनेरला पोचल्याच्या दुसऱ्या सकाळपासून गाडी शंभर टक्के भरलेली होती.