भरतीला या: नायगावच्या पार्किंगमधलं मिठागर

माझ्यावर आळ आला नसता, तर मी नायगावला कधी गेले असते असं वाटत नाही. थंडीत लोक समुद्र बघायला जातात, किल्ले चढतात. मी एका मित्राच्या सोसायटीचं पार्किंग बघायला गेले. तुम्हालाही जायचं असेल तर अमावास्या नाहीतर पौर्णिमा गाठा, दुपारी बाराच्या आत पोचा आणि जुन्या चपला घाला.

आधी आळाबद्दल सांगते. आमची एक मंडळी आहे. इंटरनेटवर एक खुला नकाशा असतो, कुणाच्याही मालकीचा नसलेला, कुणीही दुरुस्त करावा असा. त्यात आम्ही आपापल्या गावचे रस्ते, विहिरी, पाणवठे फुकट भरतो. मंडळी बहुतेक डावी. एकमेकांना कॉम्रेड म्हणतात आणि मीटिंगला क्रांतीइतक्याच वेळेवर येतात. कुठल्या चॅटवर बोलणं तत्त्वाला धरून होईल यावर आमचा दोन महिने वाद चालला होता, आणि तो वाद आम्ही एका बड्या भांडवलदाराच्या चॅटवर घातला. नियम मात्र एकच आणि कडक: जे जमिनीवर आहे तेच नकाशावर. मंडळींचं टवाळ बुलेटिन मी लिहिते. माझी जीभ जरा तिखट आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तेच नडलं.

मंडळी सुरू केली विनयनं. वीस वर्षांचा मित्र. बिल्डरांच्या नावानं बोटं मोडण्यात त्याचं तारुण्य गेलं आणि चाळिशी उलटल्यावर त्यानं नायगाव पूर्वेला, बुजवलेल्या मिठागरावरच्या टॉवरमध्ये पहिल्या मजल्यावर फ्लॅट घेतला. आम्ही त्याला चिडवायचं तेवढं चिडवलं. मग काही महिन्यांपूर्वी आमच्या नकाशात त्याच्या टॉवरच्या जागी कुणीतरी मिठागर काढायला लागलं. खात्याचं नाव 'उघाडी'. नकाशावर जिथे पार्किंग आणि क्लबहाऊस होतं, तिथे एकेक करून मिठाचे वाफे उमटले, आणि त्यांना नावं: शेटाची ढेरी, मुनिमाचा चष्मा, सायबाची आंघोळ, उद्याचा पगार, पुढाऱ्याचा शब्द. विनयच्या इमारतीच्या बरोबर खाली आलेला वाफा तेवढा बिननावाचा. 'हे काय चाललंय' असं कुणीही विचारलं, की उघाडीचं उत्तर एकच: "भरतीला या."

विनयनं ठराव टाकला: हा खोडसाळपणा आहे, सगळं पुसा, मत द्या. आणि मला फोन करून म्हणाला, "मेधा, पुरे झालं आता. रूपालीला झोप लागत नाही."

"मी नाही केलेलं."

"अशी नावं महाराष्ट्रात दुसरं कोण ठेवतं?"

ठेवला मी फोन. मला इतका राग आला की रडूच यायचं बाकी राहिलं. रागापेक्षाही भीती वाटली, कारण वीस वर्षांत त्यानं माझ्यावर कधी अविश्वास दाखवला नव्हता. मतदान सोमवारी संपणार होतं, रविवारी अमावास्या होती. मी रूपालीला, म्हणजे त्याच्या बायकोला, कळवलं की येतेय.

शनिवारी नाशिक रोडहून कल्याण, कल्याणहून दिवा, आणि दिव्याहून वसईकडे जाणारी मेमू. ही गाडी दिवसातून मोजक्या वेळाच सुटते, वेळ आधी बघून ठेवा, चुकली की दिव्याच्या फलाटावर वडापाव खात बसा. मी बसले. पण मार्ग सुरेख आहे. खाडी, भाताची कापलेली शेतं, कामणच्या बाजूचे डोंगर. जूचंद्र स्टेशनला उतरले तेव्हा ऊन कलत होतं. शेअर रिक्षावाल्याला टॉवरचं नाव सांगितलं तर कळेना. बाजूची बाई फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, "अरे, वो ढेरी के सामने." आणि रिक्षा सुटली. मी त्या बाईकडे बघत राहिले. ती उतरून गेलीसुद्धा.

गेटवर रूपाली उभी होती. ती मूळची साताऱ्याकडची, वसईत एका दवाखान्यात कामाला. "मेधाताई, बरं झालं आलात," एवढं बोलून तिनं माझी पिशवी घेतली. पार्किंगमधून जाताना मी सरळ लिफ्टकडे निघाले, तर तिनं दंडाला धरून मला बाजूला घेतलं आणि काटकोनात वळून नेलं. मग माझ्या लक्षात आलं. संध्याकाळची वेळ, माणसं कामावरून परत येत होती, भाजीच्या पिशव्या, दप्तरं, आणि त्या एवढ्या मोकळ्या, कोरड्या जागेतून तिरपं कुणीच चालत नव्हतं. सगळे सरळ जायचे, वळायचे, पुन्हा सरळ. कुणी खाली बघतसुद्धा नव्हतं.

"असं का चालता?" मी विचारलं.

"कसं?" रूपाली म्हणाली.

तेवढ्यात एक गृहस्थ वरच्या बाल्कनीतून ओरडले, "ओ जोशी, तुमची ॲक्टिव्हा चष्म्यातून काढा, उद्या अमावास्या आहे!" आणि जोशींनी निमूटपणे काढली.

जेवायला रूपालीनं नायगावच्या बाजारातून आणलेले बोंबील तळले होते. ओले, कुरकुरीत, वर लिंबू. त्यांच्यासाठी म्हणून एरवी मी पुन्हा आले असते. विनय समोर बसून माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत होता, आणि आम्हा दोघांमध्ये असल्या गप्पा कधीच झालेल्या नाहीत. शेवटी मीच बाल्कनीतल्या गृहस्थांचा विषय काढला.

"साधं आहे," तो म्हणाला. "डिलिव्हरीवाल्यांची ॲप आपलाच नकाशा वापरतात. तू नावं टाकलीस, पोरांनी वाचली, लोकांच्या तोंडी बसली."

"मी नाही टाकली."

"ज्यानं कुणी टाकली, त्यानं."

"आपण राहायला आलो तेव्हाही लोक हीच नावं म्हणायचे की," रूपाली भाकरी वाढता वाढता म्हणाली. "तेव्हा ते खातं कुठे होतं?"

"तुला तसं वाटतंय."

"मला वाटत नाहीये." तिनं तवा आपटला.

रविवारी सकाळी विनय झोपला होता, आम्ही दोघी जूचंद्रच्या चंडिकादेवीच्या टेकडीवर गेलो. पायऱ्या आहेत, गुडघे कुरकुरतात, पण वरून खाडी पसरलेली दिसते. लांब काही जिवंत मिठागरं अजून आहेत, उन्हात आरशासारखी चमकतात, आणि अलीकडे सगळे टॉवर. पायऱ्यांवर एक म्हातारे गृहस्थ ऊन खात बसले होते. रूपाली दर मंगळवारी येते म्हणून त्यांची ओळख. नामदेवबाबा, तरुणपणी मिठागरात कामाला. मी फोनवरचा नकाशा त्यांच्यापुढे धरला आणि नावं वाचून दाखवली.

ते असे हसले की खोकला लागला. "शेटाची ढेरी! कवा आयकलं व्हतं हे. अवो, आमीच ठेवल्याली नावां. मजुरी वेलेवर नाय, मंग नावां तरी ठेवू. ह्यो पुढाऱ्याचा शब्द, ह्यात पानी कधी टिकलाच नाय."

मला कळेना हसावं की काय. आमच्या सगळ्या मंडळींनी ही नावं बघितली होती आणि एकालाही वाटलं नव्हतं की ती खरी असतील. टवाळी म्हणजे आमचीच, असं आम्ही धरून चाललो होतो.

"आणि ह्याला नाव का नाही?" रूपालीनं आपल्या इमारतीखालच्या वाफ्यावर बोट ठेवलं.

बाबांचं हसू थांबलं. "संपात शेटानं काम बंद केला, तवा ह्यो वाफा आमी सोतासाठी पिकवला. युनियनचा म्हना. आपल्याच घराला कोन चिडवतं?"

"आणि उघाडी म्हणजे?"

"बांधाचं दार. भरतीचं पानी आत घ्यायचं. तिथं एक मानूस असायचा, उघाडीवाला. पानी चढलं का हाक मारायचा." त्यांनी तोंडाशी हात नेला, पण हाक मारली नाही, हळूच बोलले, "भरतीला याऽऽ."

रूपालीनं माझा हात धरला.

"तो माणूस आता कुठे असतो?" मी विचारलं.

बाबांनी हनुवटीनं टॉवरकडे दाखवलं. "असंल तिथंच. दुसरीकडं कुठं जाईल?"

बाराला आम्ही तिघं पार्किंगच्या तोंडाशी उभे होतो. टेकडीवरचं सगळं मी विनयला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि हात पुढे केला. "फोन दे."

दिला. मी त्यावरून काही लिहू नये म्हणून त्यानं तो आपल्या खिशात टाकला. एवढा अपमान मला वीस वर्षांत कुणी केला नव्हता, आणि मी ते त्याला तिथेच, रूपालीसमोर सांगितलं.

आभाळ निरभ्र होतं, पावसाला जाऊन महिने झाले होते. पाणी गटाराच्या जाळ्यांमधून वर आलं. आवाज अजिबात नाही. आधी एका कोपऱ्यात पातळ चकाकी, मग ती सरकत सरकत एका रेषेपाशी आली आणि थांबली. तिथून वळली. बघता बघता पार्किंगभर चौकोन भरले, कडा फुटपट्टीनं आखाव्यात तशा, आणि मधल्या वाटा कोरड्या. त्याच वाटांवरून एक बाई लेकराला कडेवर घेऊन आरामात चालत गेली. मुनिमाच्या चष्म्यात एक निवटी, खाडीच्या चिखलातली ती डोळे वर आलेली मासळी, परांवर उभी राहून आमच्याकडे बघत होती.

"भराव खचलाय," विनय म्हणाला. आवाज नेहमीचा नव्हता. "वाफ्यांची माती मऊ, बांध टणक. म्हणून असं. याला कारण आहे."

"कारण आहेच," मी म्हटलं. "मी कुठे नाही म्हणतेय?"

पुढाऱ्याच्या शब्दात पाणी आलं आणि ओसरून गेलं. विनयच्या इमारतीखालचा बिननावाचा चौकोन मात्र काठोकाठ भरला. रूपाली चप्पल काढून त्यात उतरली, घोटाभर पाण्यात उभी राहिली. "गरम आहे," ती म्हणाली. तेव्हाच विनयच्या खिशात दोन्ही फोन एकदम वाजले. मंडळींच्या नकाशाची सूचना. त्यानं दोन्ही बाहेर काढले आणि माझा माझ्यापुढे धरला. उघाडीनं काही काढलं नव्हतं, पुसलं नव्हतं, फक्त एक ओळ लिहिली होती: "भरतीला आलात."

मग विनय म्हणाला, "हे आधी लावून ठेवता येतं. वेळ ठरवून."

मी माझा फोन घेतला, चपलांसकट पाण्यातूनच चालत गेले आणि वर जाऊन बॅग भरली.

परतीच्या मेमूला वेळ होता. रूपाली मला वसईच्या बाजारात घेऊन गेली. तिथली सुकेळी घ्याच, वाळवलेली गोड केळी, प्रवासात महिनाभर टिकतात. तिनं दोन पुडे माझ्या पिशवीत कोंबले. "ते वाईट नाहीत हो," ती म्हणाली. मी म्हटलं, "माहीत आहे गं, म्हणून तर लागलं." रिक्षा, गाड्या, सगळं धरून खर्च फार झाला नाही. फक्त चपला गेल्या. वाळल्यावर त्यांच्यावर मिठाची पांढरी रेघ आली, ती पुसूनही जाईना.

सोमवारी रात्री मतं मोजायची होती. विनयचं सोडून सगळ्यांची आली होती, निम्मी पुसा, निम्मी ठेवा. मी 'ठेवा' लिहिलं होतं आणि कारण द्यायचा कंटाळा केला होता. दुपारी, नाशिकच्या घरी ताट घेऊन बसले असताना, फोनवर नकाशाची सूचना आली. बिननावाच्या वाफ्याला उघाडीनं नाव दिलं होतं: कॉम्रेडचा ताबा.

घास हातातच राहिला. शेटाची ढेरी, मुनिमाचा चष्मा आणि आता हा. पाच मिनिटांत विनयचा फोन आला. मी उचलला आणि लगेच म्हटलं, "विनय, मी नाही."

"माहीत आहे," तो म्हणाला.

"कसं?"

मागे त्यांच्या घरातला पंखा ऐकू येत होता. "तू असतीस तर माझ्यावर असं लिहिलं नसतंस. फ्लॅट घेतला तेव्हा तुम्ही सगळे हसलात. तू सगळ्यांत जास्त. पण मिठागरावर मीही ताबाच घेतला, हे कुणी बोललं नाही. तूसुद्धा नाही."

खरं तेच होतं.

"मेधा, कालचं, फोन घेतल्याचं..."

"राहू दे."

"नाही, राहू कसं देऊ. चुकलो मी."

मग त्याच्या बोटांचा आवाज आला, तो काहीतरी टाइप करत होता. माझ्या पडद्यावर ठरावाखाली त्याचं मत उमटलं: ठेवा. नावासकट. जमिनीवर आहे.

मागून रूपालीचा आवाज आला, "त्यांना विचारा, पौर्णिमेला येतायत का."