वेल्मी आणि रविवारचा आवाज

आरू बेटांवरच्या मोत्यांच्या कंपनीत वेल्मी जाबुमोना कचेरी सांभाळते. कचेरी म्हणजे पत्र्याची एक खोली आणि छपरावर आभाळाकडे तोंड वासून बसलेली डिश. पावसाचं पाणी साचू नये म्हणून डिशच्या बुडाला भोक पाडलेलं. ते पाल्याने बुजलं की वेल्मी शिडी लावून काडीने मोकळं करायची. शिंपल्यांचा हिशेब, मागण्या, बँकेचे निरोप, सगळं त्या डिशमधूनच जायचं. रविवारी प्रार्थना आटोपली की गावाला फोन फुकट.

म्हाताऱ्या एलिफासचा मुलगा योसी टुना पकडणाऱ्या जहाजावर होता. जहाज बुडालं, माणसं सापडली नाहीत. पाद्र्यांनी चर्चमध्ये नावं वाचली. पुढच्याच रविवारी म्हातारा नेहमीसारखा दारात हजर.

"लाव फोन, पोरी."

वेल्मीने फोन पुढे सरकवला. आदल्या दिवशी अंबोनचा मेकॅनिक फ्रेंकी येऊन गेला होता आणि चाचणीचं बटण तसंच दाबलेलं राहिलं होतं. ते दाबलं की बोललेलं वर उपग्रहापर्यंत जातं आणि दुसरीकडे कुठे न उतरता आपल्याच डिशमध्ये परत येतं. वेल्मी ते सांगणार, तोवर म्हाताऱ्याने फोन कानाला लावला.

"बापा, जेवलास का?"

आमच्याकडे मुलगा बापाला 'बापा' म्हणतो आणि बापही मुलाला लाडाने 'बापा'च म्हणतो. अर्ध्या श्वासानंतर फोनमधून आलं, "बापा, जेवलास का?"

"जेवलो. मासळी होती."

"जेवलो. मासळी होती."

बापलेकांचे आवाज इतके सारखे, की योसीचा फोन आला की वेल्मीही फसायची. म्हातारा हसला. "पोरगा जरा थांबून बोलतोय."

"लांब आहे ना, तेते," वेल्मी बोलून गेली; आजोबांना आमच्याकडे तेते म्हणतात. "आवाज आभाळात जाऊन येतो. जितकं लांब, तितका उशीर."

झालं, अडकली. त्यानंतर दर रविवारी ते बटण ती स्वतःच्या बोटाने दाबू लागली. म्हातारा बोलत असताना ती बाहेर जाऊन उभी राहायची, तरी पत्र्याच्या भिंतीतून ऐकू यायचंच. एकच माणूस दोनदा बोलतोय, हे ऐकून तिच्या अंगावर काटा यायचा. पुढे पुढे तर घरात कोणी काही विचारलं की त्यामागून तेच पुन्हा ऐकू येईल, असं तिला वाटायचं. जेवणावरची वासनाच उडाली.

मग फ्रेंकी नवी डिश घेऊन आला. चपटी, ताटाएवढी.

"जुना उपग्रह फार उंच, एका जागी ठाण मांडून बसलेला," तो म्हणाला. "हे नवे खालून पळतात आणि डिश आपोआप त्यांच्या मागे बघते. आता तुझं गिऱ्हाईक शिंकलं तरी लगेच कळेल."

"आणि चाचणीचं बटण?"

"आहे की. तुला कशाला हवंय?"

वेल्मी शिडी धरायला बाहेर गेली.

रविवारी म्हाताऱ्याचं 'बापा' तोंडातून निघतंय तोच दुसरं 'बापा' त्यावर येऊन आदळलं. त्याने फोन खाली ठेवला. कळलं बहुतेक, वेल्मीला वाटलं, आणि खरं सांगायचं तर तिला हायसंच वाटलं.

म्हातारा उठला. त्याचा चेहरा उजळला होता.

"उशीर लागला नाही, पोरी. तो जवळ आलाय."

संध्याकाळी तो धक्क्यावर दोन ताटं मांडून बसला होता. साबुदाण्याच्या खळीसारखी पातळ पापेडा आणि पिवळ्या रश्शातली मासळी. वेल्मी त्याच्या शेजारी जाऊन टेकली.

"तेते, तो आवाज तुमचाच होता. मी फसवलं तुम्हाला. योसी नाही राहिला."

म्हातारा रागावला नाही. "खरं बोलायचं होतं तर पहिल्या रविवारी बोलायचं, पोरी. आता तुझं कुठलं खरं मानू?"

त्याने पाण्याकडे तोंड केलं. "बापा, जेवलास का?"

वेल्मीने सवयीने श्वास धरला. आणि तेवढा वेळ तिलाही वाटलं, आता येईल.