गुडघ्याची वाटी

निपाणीहून लग्न होऊन मल्लेश्वरममध्ये आलेल्या चंद्राक्का पामेरियन कुत्री पाळायच्या. पिल्लांना मागणी फार. पण नर-मादीचे गुडघे, डोळे, छाती गुरांच्या डॉक्टरांकडून तपासल्याशिवाय अक्का जोडी लावायच्या नाहीत. लोक हसले की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एकसष्ट सालच्या श्रावणात शेजारचे इंजिनियर पद्माकर खासनीस आले. त्यांच्या रूबीसाठी त्यांना अक्कांचा बंटी हवा होता.

"अहो, रूबी मीच दिली ना तुम्हाला? सख्खी भावंडं आहेत ती! शिवाय बंटीच्या गुडघ्याची वाटी सरकते."

"अक्का, कुत्र्यांना कसली आलीये भाऊबीज? उलट रक्त शुद्ध राहील."

"आणि गेल्या महिन्यात सगोत्र म्हणून लेकीचं सोन्यासारखं स्थळ मोडलंत, ते कशाला?"

खासनीस तणतणत निघून गेले. शिकलेला माणूस हा! अक्कांनी शहरातल्याच शिवाजीनगरात दिलेला रूबीचा दुसरा भाऊ त्यांनी शोधला आणि जोडी लावलीच.

माघात त्यांनी चार महिन्यांचं एक पिल्लू आणून अक्कांच्या मांडीवर ठेवलं. ते मागचा पाय उचलूनच चालायचं. अक्कांनी गुडघ्यावर अंगठा टेकवला, तशी वाटी सरकली आणि पिल्लू कळवळलं.

"चुकलंच माझं, अक्का," खासनीस मान खाली घालून म्हणाले.

कधी नव्हे त्या अक्का निवळल्या. "कळलं ना? मग झालं."

"हो ना. त्या दिवशी अमावास्या होती, लक्षातच आलं नाही. या खेपेला त्याच जोडीसाठी जोशीबुवांकडून मुहूर्त काढून आणलाय."